सगळ्यायले गेलेला मेसेज

२१ सप्टें., रविवार. सुरत
मिल बंद. पिंट्या सकाळपासून मोबाईलात तोंड घालून धडे ऐकून राह्यला. नववीत आमी दोघं संगंच नापास झालो, तवा यानं पुस्तक उघडून पाह्यलं नव्हतं. आज 'सुरक्षित संबंध, भाग चार' दोनदा ऐकला. मी इचारलं, समजला का? म्हणे, पयल्यांदा लाज वाटली म्हणून नाही समजला.

हे ॲप संस्थेच्या ताईनं टाकून देलं, खोलीतल्या सगळ्यायच्या मोबाईलात. एचआयव्ही कसा होते, कसा होत नाही, निरोध कसा वापराचा, तपासणी कुठं होते, सगळं त्यात. एक धडा ऐकला की एक स्टार. ज्याचे जास्त त्याले टी-शर्ट. टी-शर्टावर काय छापलेलं असन ते ताई सांगत नाही.

ॲपमधली बाई लय शुद्ध बोलते. "आपल्या जोडीदाराशी मोकळेपणाने संवाद साधा." आमच्याकडं नवरा-बायको मोकळेपणानं फक्त भांडतात.

पिंट्या स्टारात पुढं आहे. मले ते सहन होत नाही.

२३ सप्टें.
ऑगस्टचं लिहाचं नव्हतं. लिहून टाकतो, ॲपले सांगतलंच आहे. पिंट्यासंगं तिकडं गेलो होतो. एकदाच. निरोध खिशात होता. खिशातच राह्यला. दुसऱ्या दिवशी पँट धुताना भेटला, भिजलेला.

ॲपची बाई म्हणते, बहात्तर तासांच्या आत आला असता तर औषध होतं. तेवढ्या तासात मी फक्त पँट वाळवली. आता तपासणी करा, अन् तीन महिने झाले की परत करा. पयली ताईसंगं जाऊन केली, गेल्या आठवड्यात. चांगली आली. मी नाचाले लागलो त ताई म्हणे, थांब, हे पक्कं नाही. रक्तात उशिरा बी दिसते. नोव्हेंबर लागला की कळन.

अन् नऊ नोव्हेंबरले माहं साक्षगंध.

मुलगी कामरगावची, शीतल. लग्न मामानं जमवलं. पोळ्याले गावी गेलो तवा पाहून आलो. बारावी झाली, चुलतभावाच्या ऑनलाईन सेंटरवर लोकायचे फॉर्म भरते. पाहण्याच्या वेळेस मीच प्रश्न इचाराचे असतात, तर तिनंच इचारलं, तुमचं आधार मोबाईलले जोडलं हाय का? मी म्हणलो, हो. बस. एवढंच बोलणं झालं. तरी मनात बसली.

तवाच सांगाले पाह्यजे होतं का? आधारनंतर हे कसं सांगाचं?

२७ सप्टें.
मिलच्या घडी खात्यातून सुटलो, दिवसभर साड्यायच्या घड्या, हाताले खळ. खोलीवर येऊन पाह्यलं त पिंट्या आणखी पुढं.

ॲपमधे खाली एक हिरवं बटन आहे. 'आपल्या माणसांना कळवा.' जेवढ्यायले कळवाल तेवढे स्टार. दाबलं. मोबाईलातले सगळे नंबर आले, प्रत्येकापुढं चौकोन. आधी वाटलं चार-पाच दोस्तायले पाठवाव. मंग मनात आलं, एकाले पाठवलं अन् दुसरा राह्यला त लोक रुसतात. ताईच्या लग्नात, म्हणजे माह्या बहिणीच्या, पत्रिका वाटताना खालच्या आळीतलं एक घर चुकून राह्यलं. थे लोक अजून आमच्या दारापुढून जाताना तोंड फिरवतात. बाबा तवापासून म्हणतात, सांगाचं त साऱ्या गावाले, नाही त कोणालेच नाही.

म्हणून सगळे चौकोन धरले. कोणाले राग नको.

खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. दिवाळीच्या शुभेच्छेसारखं असन म्हणून वाचलं नाही. पाठवलं. ज्यायच्याकडं व्हाट्सअप नाही त्यायले साधा मेसेज जाते म्हणे. चांगली सोय आहे.

स्टारच स्टार. पिंट्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

२८ सप्टें., रविवार
बारीक अक्षरात हे होतं :

'मी माझी एचआयव्ही तपासणी करून घेतली आहे. तुम्ही कधी करणार?'

खाली माहं नाव.

गेला कोणाकोणाले : सरपंच. पोलीस पाटील. भजनी मंडळाचे बुवा. नववीचे मास्तर. सोयाबीनचा अडत्या. आसेगावचा जीपवाला. तिन्ही आत्या. मामा. अन् 'कामरगाव पाहुणे', म्हणजे शीतलचे, शी.चे बाबा.

ॲपची बाई म्हणते, अभिनंदन.

पिंट्या हसता हसता खाटेवरून पडला. मंग त्याले आठवलं, त्याच्या बाबाचा नंबर बी माह्या मोबाईलात आहे, अन् त्याच्या बाबाले माहीत आहे की आमी जिथं जातो तिथं संगंच जातो. मंग नाही हसला.

२९ सप्टें.
सरपंचाचा अंगठा आला. नुसता अंगठा. ते सगळ्यालेच पाठवतात, मयतीच्या मेसेजले बी.

मास्तरचं उत्तर : 'उत्तम. एवढं नववीत केलं असतं तर.'

दुपारी मायचा फोन. मायले वाचता येत नाही, शेजारच्या वहिनीनं वाचून दाखवलं. वहिनीनं काय काय जोडलं असन देव जाणे. मायनं पयले इचारलं, पोटभर जेवाले भेटते का? मंग रडली. मंग म्हणे, तू वाळला असशीन. मी म्हणलो, माय, मले काही झालं नाही, तपासणी केली फक्त. म्हणे, काही झालं नसतं त तपासाले कोण जाते?

याचं उत्तर माह्यापाशी होतं, पण मायले देण्यासारखं नव्हतं.

मागून बाबाचा आवाज आला. पाहुण्यायले गेला का तो मेसेज? मी हो म्हणलो. फोन चालूच होता, बैलायच्या गळ्यातल्या घाट्या ऐकू येत होत्या.

३० सप्टें.
मामाचा फोन. मामा ट्रक चालवते, कारंज्याच्या मार्केटातून माल घेऊन नागपूर, हैदराबाद, कुठं कुठं. सोयरीक त्याच्या शब्दावर झालेली. अर्धा घंटा बोलला, मी फक्त हं हं केलं. सांगाचं एवढंच, की त्यानं एवढी वर्षं गाडी चालवली, कोणाच्या गाडीले साधा आरसा घासला नाही, अन् मी एका बोटानं त्याची गाडी खड्ड्यात घातली. कामरगावहून अजून काही आलं नाही. ना फोन, ना मेसेज. मामा म्हणे, हे वाईट लक्षण हाय. चिडलेला माणूस बोलते. तोडणारा बोलत नाही.

संस्थेच्या ताईले सांगतलं. आधी हसू दाबलं, मंग म्हणाली, ते बटन बदलाले सांगते. अन् म्हणाली, घाबरू नको, तू खोटं काही पाठवलं नाहीस. हे खरं आहे. तोच त्रास आहे.

टी-शर्ट मलेच भेटला. मागं लिहिलं आहे, 'मी सुरक्षित, तुम्ही?' घडी करून पेटीच्या तळाशी.

२ ऑक्टो., दसरा
आप्पाकाकाचा फोन. बाबाचे सख्खे भाऊ, बाजूचंच घर. मले वाटलं आता शिव्या. तर काका भलतेच फुगलेले.

"साऱ्या गावाले पाठवला. पानठेल्यावाल्याले गेला. अन् सख्ख्या काकाले नाही? काय वाकडं केलं मी तुह्यं?"

काकाचा नवा नंबर माह्यापाशी नव्हता. मी समजावून सांगतलं की काका, तो मेसेज कशाचा हाय ते माहीत हाय का? म्हणे, माहीत हाय. थे कशाचा बी असो, रीत असते. पाठवला. मंग आपट्याचं पान समजून घेतो म्हणाले, अन् खुश होऊन फोन ठेवला.

४ ऑक्टो.
मामाचा परत फोन. आवाज बारीक. मागं गाड्यायचे भोंगे, म्हणजे धाब्यावरून. आधी पाऊसपाण्याचं. मंग भाव. मंग म्हणे, थे तुह्यं ॲप, माह्या मोबाईलात बसते का? मी इचारलं, कोणासाठी? म्हणे, किन्नरसाठी, गाडीवरचा क्लीनर, पोरगं नादान हाय. जागा नव्हती मोबाईलात, सगळी सुप्रभातच्या फुलायनं भरलेली. एक एक फूल पुसाले लावलं. दीडेक घंटा गेला. शेवटी बसलं.

मंग म्हणे, यात वय कोणाचं टाकाचं, माहं का किन्नरचं?
म्हणलो, ज्याची तपासणी त्याचं.
मंग म्हणे, बेचाळीस टाकतो.

५ ऑक्टो.
शी.चा फोन आला. नंबर अनोळखी, उचलला.

"मी शीतल. तुमचा मेसेज मीच पाह्यला. सकाळी बाबाचा मोबाईल माह्यापाशी असते. त्यायच्या वाचण्यात नाही आला. मी पुसला."

मले एवढं हलकं वाटलं की म्हणलो, लय बरं झालं.

"बरं झालं का नाही थे मंग पाहू. तपासणी काहून केली?"

म्हणलो, कंपनीत सगळ्यायची करतात. म्हणे, सेंटरवर आमी कंपन्यायचे फॉर्म भरतो, त्यात हे नसते. मी म्हणलो, हॅलो. हॅलो. अन् फोन कापला.

नेटवर्क पुरं होतं.

७ ऑक्टो.
ॲपमधे एक भाग आहे, 'संवादाचा सराव'. आधी मोठ्यानं बोलून पाहा म्हणते. पिंट्या म्हणे, मी शीतल होतो, तू बोल. घडीतली एक रद्दी साडी डोक्यावरून घेतली, गुलाबी, अन् खाटेवर मान खाली घालून बसला. मी सगळं सांगतलं. म्हणजे बऱ्यापैकी सांगतलं. पिंट्यानं पदर सावरला अन् म्हणे, मंग तुमी त्या पिंट्याचं ऐकाले पाह्यजे होतं ना. थो त वापरा म्हणत होता. लय समजदार पोरगा हाय थो.

हे खरं आहे. त्यानं म्हणलं होतं. मी म्हणलो होतो, राहू दे.

त्यानं साडी काढून घडी घातली. घडी खात्यातला माणूस, कितीही दुःखात असला तरी चुकीची घडी घालत नाही.

११ ऑक्टो.
सांगतलं.

फोन मीच लावला, पण सराव सगळा इसरलो. तोंडातून ॲपचं वाक्य निघालं, मी आपल्याशी मोकळेपणाने. शी. म्हणे, हे कोण बोलून राह्यलं? मंग आपल्या बोलीत सांगतलं. एकदा गेलो. जपलं नाही. पयली तपासणी चांगली, दुसरी तीन नोव्हेंबरले, कारंज्याले. तोवर पक्कं कोणालेच सांगता येत नाही, डॉक्टरले बी नाही.

तिकडं मागं छापाचं मशीन चालू होतं, कोणाचा तरी सातबारा निघत असन.

मंग म्हणे, "मी फोन केला नसता त साक्षगंधाच्या आधी सांगणार होते का नंतर?"

माहीत नाही म्हणलो. खरंच माहीत नाही.

तिनं फोन ठेवला. नेटवर्क याही वेळेस पुरं होतं.

१२, १३ ऑक्टो.
काही नाही. मिल. साडीवर साडी. एका बाईले लग्नात नेसाची साडी आपण घडी करतो अन् आपलं लग्न... जाऊ दे.

१४ ऑक्टो.
शी.चा मेसेज. 'तीन तारखेला मी कारंज्याला येईन. मशीनची शाई भरून आणायची आहे. तपासणी दोघांची. पुढचं नंतर.' लिहिताना शुद्ध लिहिते, फॉर्म भरून भरून.

मी लिहिलं, तुम्हाले कायले लागते?

'मेसेजमध्ये तुम्हीच विचारलं ना, तुम्ही कधी करणार.'

पिंट्याले वाचून दाखवलं. थो म्हणे, अबे, हे पोरगी हातची जाऊ देऊ नको. मी म्हणलो, माह्या हातात कुठं काय हाय.

१७ ऑक्टो. घर
दिवाळीची सुट्टी, मुकादमाले सांगून जास्तीची घेतली. रात्रभर गाडी, मंग कारंजा, मंग आसेगावची जीप. जीपवाल्यानं मले पुढं आपल्या बाजूले बसवलं. इज्जत केली असं वाटलं. मंग कळलं, मागच्या लोकायनं जागा देली नव्हती. पण अर्ध्या रस्त्यात त्यानं स्टेअरिंगकडं पाहतच इचारलं, त्याच्या एका दोस्ताले माहिती पाह्यजे होती.

मायनं ताट वेगळं काढलं. गिलास वेगळा. कोनाड्यात वेगळं ठेवलं. मले लय लागलं. मोबाईल काढला, धडा लावला, 'कसा पसरत नाही'. बाई बोलाले लागली : एकत्र जेवल्याने, एकाच भांड्यातून पाणी प्यायल्याने पसरत नाही.

माय इचारते, हे बाई कुठची?
पुण्याकडची असन.
लग्न झालेली हाय का?
माय, मोबाईल हाय थो.
मंग तिले कसं माहीत?

तरी पुरा धडा ऐकला. मधे मधे बाईशी वाद घातला. मच्छराचं तिले पटतच नव्हतं. बाई म्हणे डासांमुळे होत नाही, माय म्हणे मलेरिया होते मंग हे काहून नाही? तीनदा तोच भाग लावाले लावला. मंग उठली, कोनाड्यातलं ताट घेतलं अन् आपल्या भांड्यात टाकलं. म्हणे, दोन दोन ताटं कोण घासत बसन.

१९ ऑक्टो.
सलूनात गेलो. सलूनवाल्या भाऊनं खुर्ची झटकली पण हात लावला नाही. म्हणे, ब्लेड घरून आण. मी म्हणलो, भाऊ, ब्लेड नवी त सगळ्यायलेच पाह्यजे, मले एकट्याले नाही, ॲपमधे बी तसंच हाय. बाकावर बसलेल्या चौघायनं हे ऐकलं. एकमेकाकडं पाह्यलं. आता सारं गाव घरून ब्लेड आणून राह्यलं, अन् भाऊ माह्यावर चिडला की कालपर्यंत कोणी बोललं नव्हतं.

दाढी केली शेवटी. बरी केली.

२२ ऑक्टो., पाडवा
कामरगावचे पाहुणे फराळाले आले. शी.चे बाबा, तिचा भाऊ. ती नाही.

तिच्या बाबाले काहीच माहीत नाही. मले, मायले, बाबाले, मामाले माहीत आहे की त्यायले माहीत नाही. चौघं जण हसून हसून बोलून राह्यलो, गाल दुखले. ते म्हणे, जावई लय शांत झाले. मामा म्हणे, सुरतचं पाणी.

तेवढ्यात आप्पाकाका आले. बसले. पाहुण्यायले राम राम केला, अन् म्हणे, "मंग, पोराचा मेसेज भेटला का तुमाले? मले त लय उशिरा भेटला."

मायनं काय करावं? अख्खा बेसनाचा लाडू काकाच्या तोंडात देला. सणासुदीचं म्हणून. काका चावत राह्यले, डोळे मोठे. शी.चे बाबा म्हणे, कशाचा मेसेज? बाबा म्हणे, दिवाळीचा. काकानं लाडू गिळला, तोंड उघडलं, मायनं दुसरा देला.

पाहुणे गेल्यावर बाबा ओसरीवर एकटेच बसले. खोटं बोलाची सवय नाही त्यायले. मी पाणी नेऊन देलं, तोंडाले लावलं नाही.

संध्याकाळी शी.ले कळवलं. तिचं उत्तर : 'बाबांना मीच सांगणार आहे. पण हातात कागद घेऊन. तोंडी सांगितलं तर ते फक्त अर्धं ऐकतात.'

कागद कसा येईल हे कोणीच नाही लिहिलं.

२७ ऑक्टो.
दिवसा रस्त्यानं जातो त लोक बाजूले होतात. मंग विहिरीवर, वावराच्या धुऱ्यावर, किराणा दुकानाच्या मागं एक एक जण येते. कोणीच स्वतःसाठी इचारत नाही. सगळ्यायच्या एका दोस्ताले इचाराचं असते. गावात एवढी दोस्ती आहे हे मले माहीत नव्हतं.

निरोध सरकारी दवाखान्यात फुकट भेटते हे एकालेही माहीत नव्हतं. एक जण म्हणे, मागाचा कसा? म्हणलो, तोंडानं. म्हणे, तिथंच त अडते.

तपासणीचं इचारलं की मी ॲप उघडून दाखवतो. मंगरूळपीर जवळ पडते. पण मंगरूळपीरले ओळखीचे भेटतात, म्हणून सगळे म्हणतात, आमी कारंज्याले जाऊ.

भजनी मंडळाचे बुवा बी आले होते. त्यायचा दोस्त लय म्हातारा आहे म्हणे.

३१ ऑक्टो.
जीव लागत नाही कशात. आज वाटलं बॅग भरावी अन् सुरतले निघून जावं. चांगला निघाला त मंग येईन, खराब निघाला त कोणाले कळणार नाही. ॲपले इचारलं. बाई म्हणते, लवकर कळल्यास उपचार लवकर सुरू होतात, आणि व्यक्ती दीर्घ, निरोगी आयुष्य जगू शकते. बरोबर आहे. पण त्या व्यक्तीचं साक्षगंध नऊ तारखेले नाही.

कपाशी वेचाले गेलो बाबासंगं. दोन ओळी दोघायच्या. बाबा इकडं न पाहता बोलले.

"खराब निघाला त कामरगावले मी जाईन सांगाले. तू नको जाऊ."

मी म्हणलो, नाही, मीच जाईन.

बरंच वेचून झाल्यावर म्हणे, "मंग दोघं जाऊ. मी गाडी चालवीन. तू बोल."

बॅग नाही भरली.

३ नोव्हें., सोमवार. कारंजा, दवाखाना
इथंच बाकावर बसून लिहून राह्यलो. वही घरी ठेवली असती त बाबायनं वाचली असती. रक्त देऊन झालं. मॅडमनं आधी आत बोलावून सगळं इचारलं, दार लावून. ॲपमधे होतं तसंच, पण ही मॅडम आपल्यासारखी बोलते. म्हणाली, बाहेर बस, कळवतो.

सकाळी पोचलो त बाकावर मामा. दुपट्टा नाकापर्यंत बांधलेला. मी म्हणलो, मामा? म्हणे, मी मामा नाही. मंग म्हणे, गुडघा दाखवाले आलो. बाजूले आसेगावचा जीपवाला, त्याचा दात. कोपऱ्यात खांबाआड भजनाचे बुवा, डोळे मिटून नाम घेऊन राह्यले. सगळे मंगरूळपीर टाळून इथं आले. कोणी कोणाले ओळख देत नाही. एवढी शांत ग्रामसभा मी आजपर्यंत पाह्यली नाही.

शी. उशिरा आली. कामरगावची बस भरून आली म्हणे, उभी आली. निळा ड्रेस, खांद्याले पिशवी, त्यात मशीनचं रिकामं शाईचं डबडं. बाकावर बसली, मधे एका माणसाची जागा सोडून. मामानं दुपट्टा डोळ्यापर्यंत ओढला. तिनं पाह्यलं अन् म्हणाली, नमस्कार मामाजी. मामा म्हणे, नमस्कार बाई, गुडघा दाखवाले आलो.

तिचं बी रक्त झालं. बाहेर येऊन बोटानं कापूस दाबून बसली. कागदाची वाट दोघंही पाहून राह्यलो. साक्षगंध रविवारी. तिच्या घरी मांडववाल्याले सांगून झालं. तिनं अजून बाबाले सांगतलं नाही.

मंग समोरच्या भिंतीकडं पाहत म्हणाली, "खराब निघाला त?"

मी म्हणलो, औषध असते. सरकारी, फुकट. रोज घ्याचं. नेमानं घेतलं त माणूस चांगला जगते, लेकरं बी चांगली होतात.

"थे मले माहीत हाय. मी बी ॲप टाकलं. थे नाही इचारून राह्यली."

मले समजलं ती काय इचारून राह्यली. दीड महिना झाला बाईचं ऐकून राह्यलो, सगळे धडे दोनदा, पण यावर धडा नाही. शेवटी म्हणलो, तसं झालं त तुमी नाही म्हणा. मी राग नाही धरणार. माह्याकडून मी बाबाले घेऊन येईन, तुमच्या बाबाले सगळं सांगीन, तुमच्यावर काही येऊ देणार नाही.

तिनं कापूस उचलून पाह्यला, परत दाबला. मंग म्हणाली, "मी काय म्हणाचं थे तुमी नका सांगू. थे मी पाहीन." अन् उठली. म्हणे, समोर चहा चांगला भेटते, घेऊन येतो.

गेली. जाताना पिशवी माह्या बाजूच्या जागेवर ठेवून गेली.

बाकावर गर्दी झाली आहे. मामा आत जाऊन आला तोवर त्याची जागा गेली, उभा राहून थकला, गुडघा दुखत नसला तरी. आता येऊन म्हणे, अबे सरक, पिशवी घे मांडीवर, मले बसू दे.

मी म्हणलो, मामा, जागा धरलेली हाय.